बोहणीआधीची खेप

उत्तमरावांनी मोटारीच्या दारावरचा ‘एक आणा’ ओल्या फडक्यानं पुसला आणि खडूनं ‘फुकट’ लिहिलं.

वलगावहून अमरावतीला जाणारी सकाळची खेप महिनाभर रिकामी जात होती. दोन आण्यांचं भाडं अर्धं केलं, तरी भाजीवाल्या बाया डोक्यावर टोपल्या घेऊन पायीच निघत. या आठवड्यात कोणी बसलं नाही तर खेप बंद करायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

फुकट लिहूनही कोणी चढलं नाही. नाल्याजवळ मोटारीनं बायांना गाठलं. सगळ्यांत मागं माणिकबाई लंगडत होती. उत्तमरावांनी मोटार थांबवायला लावली.

“काहून बसत नाही माय? पैसे थोडेच मांगून राहिलो?”

“थेच तं. सकायी सकायी फुकट घेतलं, तं दिवसभर गिऱ्हाईकबी फुकटच मांगते.”

“मंग आण्यात काहून नाही बसल्या?”

“बोहणीच्या आंधी पदराची गाठ सोडू का? पहिले घरात पैसा आला पायजे, मंग जावा.”

ड्रायव्हर किसनराव हसला. “मालक, लिहून लिहून खडू संपला, अन् इचारलं आज!”

उत्तमरावांनी कान खाजवला. “बरं. येतानी द्या. दोन्ही खेपांचं, पुरं भाडं.”

माणिकबाईनं टोपली खाली उतरवली.

बाकीच्या चढल्या नाहीत. “हिची बोहणी कशी होते, थे पाहू आंधी,” पार्बताबाई म्हणाली.

संध्याकाळी परतताना त्याच बाया रस्त्यानं चालत होत्या. वांग्यांनी भरलेली टोपली एकट्या माणिकबाईची. त्या दिवशी बाजारात वांगीच वांगी झाली होती.

“बसा माय.”

“कशी बसू? बोहणीच नाही झाली.”

पार्बताबाईनं बाकीच्यांकडे पाहिलं.

उत्तमराव खाली उतरले. खांद्यावरचं उपरणं त्यांनी धुळीत पसरलं.

“चवन्नीचे वांगे द्या. माप पुरं द्या पण.”

“पुरंच देते. तुमच्यावानी रोज भाव नाही पुसत मी.”

राजाच्या चेहऱ्याची चवन्नी तिनं कपाळाला लावली. मोटारीत चढली आणि तीच त्यांच्यापुढे धरली.

“घ्या. दोन्ही खेपांचे.”

“सरका वो माणिकबाई,” म्हणत पार्बताबाईनं आपली रिकामी टोपली आत ढकलली. मागोमाग बाकीच्या चढल्या.

सकाळच्या खेपेचा तो पहिलाच पैसा. खिशाकडे गेलेला हात उत्तमरावांनी थांबवला आणि चवन्नी कपाळाला लावली.