कचेरी खाली उतरली

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. अळणावर गावच्या परशुराम सुताराने मला घडवले आणि मी हुबळीत पालिकेच्या एका कचेरीत, वरच्या मजल्यावर, साहेबांची खुर्ची झाले. मला रोज पुसत. नळ, गटार, घरपट्टी, तक्रार कसलीही असो, लोकांना जिना चढून माझ्यासमोर यावे लागे. जिना अगदी उभा, त्याला कठडाही नव्हता. म्हातारी माणसे धापा टाकत येत आणि काय सांगायचे तेच विसरत.

१९९८ साली हुबळीतल्याच केशवापूर भागातले कापडदुकानदार गणपतराव नळाची तक्रार घेऊन येताना त्या जिन्यावरून पडले. खुबा मोडला, अंथरूण धरले. काही दिवसांनी त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाई तीच तक्रार घेऊन आल्या आणि खालच्या पायरीवर बसल्या. त्यांचा आवाज मला वर ऐकू येत होता.

"अक्का, वर चला," शिपाई म्हणाला.

"आगूदिल्ल, अण्णा. जमणार नाही. साहेबांना खाली बोलाव."

प्रभंजनसाहेब जिन्याच्या तोंडाशी गेले. "दोन माणसे तुम्हाला उचलून आणतील, बाई."

"मला नको. कचेरी उचला."

दुपारपर्यंत गल्लीतली म्हातारी मंडळी येऊन पायऱ्यांवर बसली. साहेबांना जेवायलाही उतरता येईना. शेवटी नगरसेविका सविताताई आल्या. सगळे ऐकून घेऊन त्यांनी शिपायाला मला खाली आणायला सांगितले. मला मात्र सगळ्यांनी वाट दिली. साहेब माझ्यामागोमाग उतरून व्हरांड्यात बसले आणि त्यांनी पहिली तक्रार चंद्रभागाबाईंची घेतली.

पुढे पालिकेच्या सभेत ठराव झाला. तक्रारींचे काम कायमचे तळमजल्यावर आले. दाराशी उतार झाला, कठडा लागला, बाके आली. उद्घाटनाला चंद्रभागाबाईंना हार घालायचे ठरले. त्यांनी तो हाताने थांबवला.

"संडास कुठं आहे?"

"वरच्या मजल्यावर," साहेब हळूच म्हणाले.

"मग मी उद्या परत येऊन बसते."

आणि त्या बसल्या. तेही काम झाले.

मित्रांनो, आता माझा एक हात निखळला आहे. मला मोडीत काढायचे बोलणे चालते. पण दोन खिळे मारले, तर मी अजून भक्कम आहे. जुने झाले म्हणून कोणाला बाजूला सारू नका. तुमच्या गावच्या कचेरीत आजी-आजोबांना आत जाता येते का, ते बघा. येत नसेल, तर त्यांच्याशेजारी पायरीवर बसा आणि काम होईपर्यंत उठू नका.