टेकायला जागा

क्लेअरने गाडीच्या बॉनेटवर ठेवलेल्या खोक्याचं झाकण उचललं आणि ते तसंच हातात धरून उभी राहिली.

मॉडेल शाबूत होतं. शारजाच्या खाडीजवळच्या जुन्या वस्तीत उभी राहायची चार मजली इमारत, एकास पन्नास प्रमाणात, पांढऱ्या फोमबोर्डची. गच्चीवरचा वाऱ्याचा मनोरा सरळ होता, खिडक्यांच्या जाळ्या जागच्या जागी होत्या. पण तळमजल्याच्या गल्लीकडच्या भिंतीला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक ओटा होता. काल दुपारपर्यंत तो तिथे नव्हता.

ओटा बोटाच्या अर्ध्या पेराएवढा उंच होता. त्याला बारीक वाळू फासलेली होती आणि कडा गोल केल्या होत्या, माणसं बसून बसून झिजाव्यात तशा.

"हे काय नवीन?" तिचे बॉस मोहिद्दीन सर ड्रॉइंगची गुंडाळी काखेत मारून मागे येऊन उभे राहिले होते.

"सर, हा मी नाही केला."

"मग काय मुंग्यांनी बांधला?"

कुणी बांधला ते तिला वाळू बघताच कळलं होतं.

तिच्या सासूबाई, बर्था, नाताळ उरकून नातीला, करेनला, सांभाळायला वसईहून आल्या होत्या. त्यांच्या हातचा नाताळचा गोठा म्हणजे गावात बघण्यासारखी गोष्ट. सासरे हिलरीबाबा होते तोवर बांबू तासून द्यायचे, बाकीचं सगळं त्या करायच्या: थर्माकोलची घरं, आरशाच्या तुकड्याचं बावखल म्हणजे वाडीतलं तळं, वाळू आणि फेविकॉल कालवून केलेल्या भिंती. त्यांच्या गोठ्यातल्या एकाही घराला ओटा नाही असं व्हायचं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात क्लेअरने विचारलं होतं, बेथलेहेममध्ये ओटे कुठले, मम्मी? तेव्हा त्या फेविकॉलने माखलेल्या हातांनीच म्हणाल्या होत्या, "अगो, मेंढपाळ एवढे लांबून चालत येणार. ते टेकणार कुठे?"

काल क्लेअर घरूनच काम करत होती, जेवणाच्या टेबलावर मॉडेल जोडत. दुपारी करेनला पाजता पाजता तिचाही डोळा लागला. उठली तेव्हा साडेचार वाजले होते, जेवणाचं टेबल पुसून लख्ख केलेलं होतं, उरलेले तुकडे पिशवीत भरलेले होते, आणि मॉडेलवर खोका नीट झाकलेला होता. सासूबाईंनी किती काळजीने आवरलं म्हणून तिला भरून आलं होतं. तिने झाकण काढून बघितलंसुद्धा नाही.

"चांगला झालाय," मोहिद्दीन सर वाकून म्हणाले. "आमच्या रत्नागिरीकडच्या घराला अस्साच आहे. आता काढ."

"सर?"

"ड्रॉइंगमध्ये आहे का? नाही. मॉडेलमध्ये आहे? आहे. म्हणजे मिसमॅच. आणि मिसमॅच दिसला की कमिटी म्हणेल खलास, पुढच्या महिन्यात या. क्लायंट पुढचा महिना बघणार नाही, क्लेअर. तो दुसरा कन्सल्टंट बघेल."

हे तिला नव्याने सांगायला नको होतं. त्या वस्तीत साधी खिडकी बदलायची तरी जुनी वस्ती जपणाऱ्या कमिटीची मंजुरी लागायची, आणि कमिटीने त्यांना दोनदा परत पाठवलं होतं. पहिल्यांदा शेरा आला: इमारत कुठल्याही शहरात खपेल. म्हणून त्यांनी गच्चीवर मनोरा चढवला. दुसऱ्यांदा शेरा आला: दागिने घातले म्हणजे नातं जुळत नाही. म्हणून त्यांनी जाळ्या लावल्या. आज तिसरी आणि शेवटची खेप होती. बाळंतपणाच्या रजेनंतर क्लेअरला आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायची मुभा मिळाली होती, ती या कामाच्या जोरावर. काम गेलं की मुभा गेली. मग नऊ महिन्यांची करेन किंवा नोकरी, दोन्हीतलं एक.

तिने पर्समधून कटर काढला. पातं ओट्याखाली सरकवलं. सासूबाईंनी फेविकॉल हात राखून लावलेला नव्हता. पातं आत गेलं, पण भिंतीचा पांढरा कागदच ओट्याबरोबर उचलून आला. खालचा फोम उघडा पडला. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक खरबरीत पट्टा.

"या अल्ला," मोहिद्दीन सर पुटपुटले. मग घड्याळ बघून म्हणाले, "गाडीत घासलं म्हणून सांगू. चल, यल्ला."

हातात वीतभर लांबीचा ओटा उरला. तो टाकवेना. पर्समध्ये करेनचं एक धुतलेलं लाळेरं होतं, त्यात तिने तो गुंडाळला आणि आत ठेवला.

कमिटीची खोली एका जुन्या घरातच होती. प्रवाळाच्या दगडाच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, आणि एसीचा हलकासा आवाज. टेबलापलीकडे तिघं होते. मधोमध इंजिनिअर एमान. साठीच्या आसपासची बाई, काळा अबाया, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. सगळे तिला याच नावाने हाक मारायचे, नावाआधी इंजिनिअर लावून, आदराने.

मोहिद्दीन सर अर्धा तास बोलले. उंची, पार्किंग, रंगाचा नमुना. उजवीकडच्या तरुण सदस्याने जाळ्यांबद्दल दोन प्रश्न विचारले. डावीकडचे गृहस्थ पाण्याच्या टाकीबद्दल बोलले. इंजिनिअर एमान उठली, चष्मा चढवला, आणि टेबलाला वळसा घालून मॉडेलच्या गल्लीकडच्या बाजूला आली. खाली वाकून, डोळा गल्लीच्या उंचीवर आणून, बराच वेळ आत बघत राहिली. क्लेअरला सासूबाई आठवल्या. गोठा पुरा झाला की त्याही अशाच वाकून बघायच्या, आपण मुंगीएवढे होऊन आत चालत गेलो तर काय दिसेल ते.

"हे काय झालं?" इंजिनिअर एमानने इंग्रजीत विचारलं. तिचं बोट त्या पट्ट्यावर होतं.

"गाडीत घासलं, इंजिनिअर," मोहिद्दीन सर लगेच म्हणाले. "सॉरी अबाउट दॅट."

तिने बोट पट्ट्यावरून सावकाश फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"गाडीत इतकं सरळ घासत नाही." तिने सरांकडे नाही, क्लेअरकडे बघितलं. "मॉडेल तू केलंस ना? इथे काय होतं?"

मोहिद्दीन सरांनी पेनाचं बटण एकदा दाबलं. पुन्हा दाबलं. क्लेअरला दूध दाटल्याची कळ जाणवली. करेनची भुकेची वेळ झाली होती. खोटं एका वाक्याचं होतं आणि ते सरांनी आधीच बोलून टाकलं होतं. तिने नुसती मान डोलवली असती तरी भागलं असतं.

तिने पर्स मांडीवर घेतली आणि लाळेरं काढून टेबलावर उलगडलं.

"एक ओटा होता," ती म्हणाली. "बसायला. ड्रॉइंगमध्ये नाही, म्हणून आम्ही आत्ता बाहेर काढला. माझ्या सासूबाईंनी मला न विचारता लावला होता. त्या इंजिनिअर नाहीत, त्या नाताळचे देखावे करतात. त्यांना वाटलं मी विसरले."

तरुण सदस्याला हसू आलं, ते त्याने खोकल्यात दडवलं.

"त्यांना असं का वाटलं?"

या प्रश्नाची क्लेअरला अपेक्षा नव्हती.

"मागच्या शुक्रवारच्या सुट्टीत चर्चहून येताना मी त्यांना ही जागा दाखवली. त्यांनी एवढंच विचारलं की इथे लोक बसतात कुठे. मी म्हटलं, घरात बसतील, मम्मी, घरं कशाला बांधतोय मग." ती थांबली. पुढचं बोलायचं ठरवलेलं नव्हतं, पण बोलली. "आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो. त्या रोज संध्याकाळी बाळाला घेऊन खाली जातात आणि दीड तास उभ्या राहतात. बसायला काहीच नाही. वॉचमन खुर्ची देतो बिचारा, पण मॅनेजमेंट ओरडते. आता त्या म्हणतात, मला लवकर घरी पाठव."

इंजिनिअर एमानने ओटा दोन बोटांत उचलला, उजेडाकडे धरला, वाळूवरून नख फिरवलं. मग तो त्या खरबरीत पट्ट्यावर टेकवला. तो जागच्या जागी बसला.

"दक्का," ती ओट्याकडे बोट करून अरबीत डावीकडच्या गृहस्थांना म्हणाली, आणि पुढे बरंच काही म्हणाली. क्लेअरला त्यातलं एवढंच कळलं की गृहस्थ हसले आणि त्यांनी हाताने गुडघ्याएवढी उंची दाखवली. इंजिनिअर एमानने मान हलवून त्याहून थोडी खालची दाखवली. दोघांचा थोडा वेळ वाद चालला.

"खरा किती उंच?" तिने क्लेअरला विचारलं.

"मोजलेला नाही. अंदाजाने केलाय."

"मग मोजून आण." ती जागेवर जाऊन बसली आणि लिहायला लागली. "भिंत तेवढी आत घ्या. ओटा गल्लीत येता कामा नये, तुमच्या जागेतच हवा. आणि तो मनोरा काढा. त्यात वारा शिरतच नाही, मला माहीत आहे, आत टाकी आहे. सोमवारी ड्रॉइंग पाठवा." कागद पुढे सरकवताना ती थांबली. "कमिटीपुढे पुन्हा यायची गरज नाही."

पार्किंगमध्ये मोहिद्दीन सरांनी मॉडेल मागच्या सीटवर ठेवून त्याला सीटबेल्ट लावला.

"भिंत आत घ्यायची म्हणजे क्लायंट माझं डोकं खाणार," ते म्हणाले.

"सॉरी, सर."

"सॉरी कसलं. मनोऱ्याचा खर्च वाचला म्हणून सांगतो त्याला. इन्शाल्ला ऐकेल." गाडी सुरू करून त्यांनी आरशातून मागे बघितलं. "सासूबाईंना विचार, आमच्यात नोकरी करतील का. नको, नको विचारू. व्हिजिट व्हिसावर आहेत, उगाच लफडं."

क्लेअर हसली आणि हसता हसता तिला डोळे पुसावे लागले. सरांनी रेडिओ मोठा केला.

घरी ती सहाच्या सुमारास पोचली. लिफ्टजवळ खैरुद्दीन वॉचमनने मॉडेलसाठी दार धरलं आणि हिंदीत म्हणाला की अम्मा आज खाली उतरल्याच नाहीत, तबियत ठीक आहे ना?

तबियत ठीक होती. सासूबाई बेडरूममध्ये होत्या. पलंगाखालची बॅग त्यांनी बाहेर ओढून आडवी ठेवली होती, आणि पलंगावर साड्यांच्या घड्या लावल्या होत्या. करेन त्या घड्यांच्या मधोमध बसून एक ब्लाउज चोखत होती. आईला बघताच तिने ब्लाउज टाकला आणि दोन्ही हात वर केले.

"आलीस?" सासूबाई वर न बघता म्हणाल्या. "पास झालं?"

"झालं."

"फेविकॉल धरला ना? उन्हात सुटतो कधी कधी. मी म्हटलं तुला सांगावं, पण तू झोपलेलीस. थकून झोपलेल्याला कशाला उठवायचं." त्यांनी एक घडी उगाच मोडून पुन्हा घातली. "रागावलीस तर नाही, बाय? हात राहवेना. रिकामी भिंत दिसली की मला कसंतरी होतं."

क्लेअरने करेनला पदराखाली घ्यायला ओढणी शोधली, पलंगाच्या कडेला बसून तिला पाजलं. काय काय झालं ते ती सांगणार होती. कटर, पट्टा, लाळेरं, सगळं. पण करेन पिऊन शांत झाली तेव्हा तिने फक्त टेबलावरची मोजपट्टी आणि ड्रॉइंग आणलं.

"मम्मी, जरा बसा बघू."

"कुठे?"

"इथेच. बॅगेवर."

"अगो, मोडेल ती!"

"नाही मोडत. तुमच्या कार्लने घेतलीये, भक्कम आहे."

सासूबाई बॅगेवर बसल्या. गुडघे वर आले. "ही फार खाली," त्या म्हणाल्या. क्लेअरने पलंगावरची गोधडी घडी करून खाली सरकवली. "अजून जरा." तिने उशी घातली. "आता फार झालं. पाय लोंबतायत, बघ. ओट्यावर बसलं की टाचा टेकल्या पाहिजेत, नाहीतर माणूस पाहुण्यासारखा बसतो." उशी निघाली, तिथे एक साडी आली, मग दुसरी.

"आता?"

सासूबाईंनी पाठ सैल सोडली. हात आपोआप मांडीवर आले. "हां. आता कसं."

क्लेअर जमिनीवर बसली आणि तिने मोजपट्टी लावली. अडतीस सेंटिमीटर. पुस्तकातलं माप पंचेचाळीसचं होतं, तिने आजवर काढलेल्या प्रत्येक बाकाचं तेवढंच होतं. तिने ड्रॉइंगच्या कडेला पेन्सिलीने अडतीस लिहिलं.

"कशाला एवढं माप?" सासूबाईंनी विचारलं. मग त्यांची नजर ड्रॉइंगवर गेली, गल्लीच्या बाजूला नव्याने ओढलेल्या फिकट रेघेवर. त्यांनी त्या रेघेवर बोट टेकवलं.

"खरोखरचा करणार?"

"हो."

"कधीपर्यंत होईल?"

"वर्ष लागेल. दीड वर्ष."

सासूबाईंनी मान हलवली. एखाद्या गवंड्याने तारीख सांगावी आणि ती आपण मनातल्या मनात तपासावी, तशी. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"चुकलीस तू, बाय. ओट्यावर रिकाम्या मांडीने कोण बसतं? तिला दे इकडे, आणि परत मोज."

क्लेअरने करेनला त्यांच्या मांडीवर दिलं. सासूबाई सरसावून बसल्या, टाचा घट्ट रोवल्या, आणि एक साडी स्वतःच खालून ओढून बाजूला टाकली. आजी हलली तशी करेन खिदळली. क्लेअरने पुन्हा पट्टी लावली, अडतीस खोडलं आणि छत्तीस लिहिलं.

"झालं," ती म्हणाली. "उठा आता, पाय दुखतील."

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. "बसते जरा."