मोठं विमान पाठवा, डॉक्टर

माझ्या भावाची मुलगी अकिग्गिक सतरा वर्षांची आहे आणि मी तिला बाबा म्हणते. माझे वडील समुद्रावरचा बर्फ फुटून गेले. त्यानंतर जन्मलेल्या या पोरीला आम्ही त्यांचं नाव दिलं. नाव दिलं की माणूस परत आला, यात आमच्याकडे कुणाला नवल वाटत नाही.

वसंतात तिच्या मैत्रिणीने जीव दिला. तेव्हापासून ही झोपत नाही, सीलचं मटण पुढे ठेवलं तरी तोंड फिरवते. उत्तर ध्रुवाजवळच्या आमच्या गावात मनाचा डॉक्टर नाही. महिन्यातून एकदा दक्षिणेतल्या मोठ्या शहरातला एक डॉक्टर दवाखान्यातल्या पडद्यावर उगवतो आणि घाईघाईने मावळतो. हिचा नंबर लागेपर्यंत उन्हाळा संपला.

"घरी कोण असतं?" त्याने विचारलं.

"आजी. आणि ही माझी मुलगी." तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

माझे केस पिकलेत. डॉक्टरने चष्मा सावरला. "ही तुझी मुलगी?"

"हो. मी मेले तेव्हा हिचं लग्न झालेलं होतं."

घरी बोलते तसंच ती बोलून गेली. डॉक्टर तिच्याशी बोलायचा थांबला आणि नर्सला म्हणाला, "भास होताहेत. उद्याच्या विमानाने इकडे पाठवा. सोबत कुणी नको."

मी नावाची गोष्ट समजावून सांगितली. "समजतंय मला," तो म्हणाला. डोंबल समजत होतं! माझ्या आजीला क्षय झाला म्हणून असंच जहाजात घालून दक्षिणेला नेलं होतं. तिला कुठे पुरलं, ते आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. हिला मी नेऊ देणार नव्हते. मी दार उघडून बाहेर बसलेल्या आईला हाक मारली.

आई थर्मास घेऊन आत आली. डॉक्टरकडे ढुंकूनही न बघता नातीला म्हणाली, "अहो, दोन घोट चहा घ्या. कालपासून उपाशी आहात."

तिच्यामागून इटुक काठी टेकत आला. तो वडिलांचा शिकारीतला जोडीदार. "काय रे दोस्ता, माझा भाला कधी देणार? मेलास म्हणजे सुटलास असं वाटलं काय?"

"तुझा भालाच वाकडा होता," बाबा म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिच्या ओठांवर हसू आलं.

मी पडद्याकडे वळले. "बघितलंत? आम्ही सगळेच वेडे. मोठं विमान पाठवा, डॉक्टर."

त्याने घड्याळ बघितलं. "विमानाचं राहू द्या. पण वेळ संपली. पुढच्या महिन्यात बोलू."

नर्सचा हात बटणाकडे गेला. मी तो धरला.

"पोरीला झोप का येत नाही, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. आधी विचारा. तोवर इथून कुणी हलणार नाही."

आईने जमिनीवर बसकण मारली. इटुकने दाराला आडवी काठी लावली आणि खुशाल भिंतीला टेकून उभा राहिला. डॉक्टरने आमच्याकडे बघितलं. मग त्याने चष्मा काढून ठेवला.

"अकिग्गिक, तुला झोप का येत नाही?"

ती कपातल्या चहाकडे बघत होती.

"त्या रात्री तिने मला फोन केला होता," ती म्हणाली. "मी झोपले होते."