कठड्यावरचे हात

मित्रांनो, माझ्यावरून माणसे मैलोन्‌मैल चालली, पण कुठेही पोहोचली नाहीत. मी एक जुनी ट्रेडमिल आहे. व्यायामशाळेतल्या माझ्या बहिणींसारखी मी दिमाखदार नव्हते. माझे आयुष्य इस्पितळाच्या एका प्रयोगशाळेत गेले.

कारखान्यात मला पोलादी सांगाडा मिळाला, मोटार मिळाली, काळा रबरी पट्टा मिळाला. दोन्ही बाजूंचे कठडे सर्वांत शेवटी बसवले. बसवणारा कामगार जोडीदाराला म्हणाला, "घट्ट आवळ रे, लोक याच्यावरच जीव टाकणार आहेत." तेव्हा मला ती थट्टा वाटली.

चालताना माणसाची किती ऊर्जा खर्च होते, ते मोजण्यासाठी मला आणले होते. मी फक्त चालवायचे. मोजायची ती माझी शेजारीण, एक करडी पेटी. माणसाच्या तोंडावर मुखवटा बसवत आणि त्याची नळी पेटीत सोडत. श्वासातला किती प्राणवायू शरीराने वापरला, हे पेटी सांगे. चुलीत जेवढे सरपण जळेल तेवढी हवा लागते. शरीराचेही तसेच आहे. आधी नुसते उभे करून मोजायचे, मग चालवून मोजायचे आणि दुसऱ्यातून पहिले वजा करायचे. उरतो तो चालण्याचा खर्च. कृत्रिम पाय असलेल्या माणसाला तेवढ्याच वाटेसाठी धडधाकट माणसापेक्षा बराच जास्त खर्च पडू शकतो. बघणाऱ्याला तो दिसत नाही. म्हणून तर आम्ही होतो.

माझी पहिली वर्षे एका डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली गेली. त्यांचा एकच जप असे. "कठड्याला दोन बोटं, बस! हा झोका नाही लोंबकळायला." कोणी मूठ आवळली की त्या पट्टीने बोटांवर हलकेच टकटक करत. त्याला कारण होते. माणसाने हातांवर भार टाकला की पायांचे ओझे मी उचलते. आणि मला श्वास नाही, त्यामुळे माझे कष्ट पेटीला कळत नाहीत.

पाहुणे येत, माझ्या पट्ट्यावरून हात फिरवत, वाहवा करत. मग बाई निवृत्त झाल्या. त्यांच्याबरोबर तो जपही गेला. तो कुठे लिहिलेला नव्हताच, त्यांच्या तोंडात होता.

बाईंच्या जागी आलेले नवे साहेब आळशी नव्हते, मित्रांनो. ते रोज सकाळी पेटी तपासून घेत, मुखवटा स्वतः धूत, माझा वेग घड्याळ लावून पडताळत. यंत्रांवर त्यांचे बारीक लक्ष असे.

एके दिवशी एक टपालवाला आला. अपघातात त्याचा एक पाय गुडघ्याखाली गेला होता, तिथे कृत्रिम पाय बसवला होता. बरोबर धाकटी बहीण होती. टपालकचेरीने सांगितले होते की, चालण्याचा खर्च फार जास्त निघाला तरच बसून करायचे काम मिळेल, नाहीतर पुन्हा पिशवी खांद्यावर आणि दारोदार फिरणे.

"साहेब, संध्याकाळी पाय काढला की मोजा रक्तानं चिकटलेला असतो," बहीण म्हणाली.

"अगं, त्यांना कशाला ते," टपालवाला हसला. "साहेब, साऱ्या गावाचे पत्ते मला पाठ आहेत. फक्त माझ्या पायाचा पत्ता लागत नाही."

साहेबही हसले. त्यांनी मुखवटा बांधला, पेटी लावली आणि मला सुरू केले.

पट्टा हलताच तो घाबरला. त्याने दोन्ही कठडे मुठीत पकडले, कोपरे ताठ केली आणि सारे अंग माझ्यावर टाकले. त्याच्या तळहातांचा घाम माझ्या कठड्यांवरून ओघळत होता. कृत्रिम पाय पट्ट्याला जेमतेम टेकत होता.

"धरून चाललं तर चालतं ना हो?" बहिणीने विचारले.

"पडण्यापेक्षा बरं," साहेब म्हणाले. त्यांची नजर पेटीवर होती.

"शाब्बास दादा! मस्त चाललायस!" बहीण म्हणाली.

ते ऐकून तो आणखी ताठ झाला. त्याने कठडे आणखी घट्ट धरले. लहानपणी परीक्षेत नापास व्हायची भीती वाटते ना, तशीच ती भीती असावी. इथे वाईट चालला तरच त्याचे भले होते, हे चालताना तो विसरून गेला.

पेटीने खरे तेच सांगितले. त्याच्या शरीराने खर्च केला होता तेवढाच तिने मोजला. उरलेला मी उचलला होता.

साहेबांनी आकडे पाहून त्याचा हात हातात घेतला. "अहो, तुमचं चालणं धडधाकट माणसासारखं आहे. अभिनंदन!"

"ऐकलंस?" तो बहिणीला म्हणाला. मुखवट्याचे वळ अजून त्याच्या गालांवर होते.

"आणि बसायचं काम?" बहिणीने साहेबांना विचारले.

"त्याची गरज दिसत नाही."

तिने ओढणीचे टोक तोंडाशी नेले.

पुढे नवी ट्रेडमिल आली आणि मला बाहेरच्या बोळात ढकलले. माझ्या कठड्यांवर आता ओल्या चादरी वाळत घालतात. मोटारीवर धूळ साचली आहे.

गेल्या हिवाळ्यात बोळातून एक चाकांची खुर्ची आली. ढकलणारी तीच बहीण होती. टपालवाल्याचा पाय आता मांडीपासून नव्हता. दारोदार फिरून जखम चिघळली आणि वर चढत गेली, असे ती बरोबर चालणाऱ्या एका बाईला हळूच सांगत होती. खुर्ची माझ्यापाशी थांबली. त्याने चादर बाजूला केली आणि कठड्यावर हात ठेवला, अगदी त्याच जागी.

"ओळखलंस का हिला?" तो म्हणाला. "हिच्यावर मी पास झालो होतो."

बहिणीने चादर पुन्हा नीट पसरली. "चल दादा, आपला नंबर येईल."

मित्रांनो, तुमच्यातले काही जण उद्या माणसांची मोजमापे घेतील. यंत्र जरूर तपासा, आकडे जरूर वाचा. पण त्याआधी एकदा माणसाच्या हातांकडे बघा. तो कशाला धरून उभा आहे, एवढे तरी बघा.