हिऱ्यावरची सावली

रेवाबाई आल्या त्या चपला न काढताच ओट्यावर टेकल्या, तेव्हाच कौसाबाईंनी ओळखलं की विहीणबाई आज पाणीसुद्धा घेणार नाहीत. नंदुरबारहून शहाद्यापर्यंत एसटी, पुढे रिक्षा, आणि सोबत जावई भूपेश. तो खाली मान घालून मोबाईल चाळत होता. त्या ओट्यावर रेंज येत नाही, हे कौसाबाईंना ठाऊक होतं.

गोष्ट अंगठीची होती. लग्नात रेवाबाईंनी सुनेला, म्हणजे कौसाबाईंच्या ममताला, सुरतेच्या दुकानातून हिऱ्याची अंगठी केली. दुकानात खडा नुसता पेटला होता, असं त्या दहा जणांना सांगत. दिवाळीला ममता माहेरी आली, पंधरा दिवस राहून परत गेली, आणि सासूची नजर अंगठीवर पडली. खिडकीतल्या उन्हात धरावा तर खडा काळवंडलेला. स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली धरावा तर बाटलीच्या बुडासारखा. चष्मा लावून वाकून पाहावं, तर आणखीच काळा. आणि सुनेचा बाप कोण? भिला पाटील, ज्यानं बत्तीस वर्षं सुरतेत घंटीवर, म्हणजे त्या फिरत्या चकतीवर, हिरे घासले. झालं. ज्याच्या हाताला सवय, त्यानंच खडा बदलला. अंगठी ठेवून घेऊन त्यांनी सुनेला माहेरी धाडलं, त्याला आज तीन आठवडे झाले. आता एवढंच विचारायला आल्या होत्या: कबूल करता, की फारकतीचं बोलायचं?

बत्तीस वर्षांत या माणसानं हिऱ्याची धूळसुद्धा घरी आणली नव्हती. कारखान्यातून सुटताना खिसे उलटे करून दाखवायचे, ती सवय अशी जडली की गावी आल्यावरही जेवायला बसण्याआधी ते खिसे उलटे करायचे. त्या हसायच्या. आज ते आठवून रडू येऊ लागलं.

भिलाभाऊ सगळं ऐकून घेत उभे होते. रेवाबाईंनी अंगठी पुढे केली, तसे त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"मी हात लावाव नही, इहीनबाई. तुम्हीच धरा. तुम्हीच दखा."

मग त्यांनी विचारलं, दुकानात दिवे किती होते? दिवे कोण मोजतं, रेवाबाई फणकारल्या. भूपेशनं पहिल्यांदा मान वर केली. छतभर होते म्हणाला, बारीक बारीक, नजर ठरत नव्हती.

भिलाभाऊ सावकाश सांगू लागले. खड्याजवळ स्वतःचं काही नसतं, समोर येईल ते तो परत करतो. शंभर दिवे असले तर शंभर ठिणग्या. ट्यूब म्हणजे एकच लांब पांढरा पट्टा. त्यात खोट कळते, रंग कळतो, म्हणून कारागीर ट्यूबखाली बसतात. चमक गिऱ्हाइकासाठी असते. भर उन्हात आपला डोळाच बारीक होतो, त्याला दिसणार काय? आणि वाकून पाहिलं की आपलंच डोकं उजेड अडवतं. खड्यात काळं दिसतं ते आपलं डोकं.

"म्हणजे काळं मन्हं डोकं शे?"

"सगळासनंच शे, इहीनबाई. मन्हं बी."

त्यांनी सगळ्यांना अंगणातल्या लिंबाखाली नेलं. दहा-साडेदहाचं ऊन पानांतून गळून जमिनीवर बारीक कवडसे झाले होते. रेवाबाई नाइलाजानं उभ्या राहिल्या.

"हात लांब करा. डोकं मांगे ल्या. आते जरासं हालवा."

आधी काहीच झालं नाही. मग एक लाल ठिणगी उडाली, तिच्यामागे निळी, आणि मग मोजता येईना. कौसाबाईंनी हिरा पाहिलाच नाही, त्या विहिणीचं तोंड पाहत होत्या. हनुवटीवरून रंगाचा एक ठिपका पळत गेला. तोंड मात्र हळूहळू उतरत गेलं.

"काच बी चमकस," रेवाबाई म्हणाल्या, पण आवाजात पहिला जोर नव्हता.

"चमकस. उजेडनी साक्ष इतलीच शे."

आणि पुढे ते म्हणाले, दुकानाचा कागद तुमच्याकडे आहे, त्यावर खड्याचं वजन लिहिलंय. सुरतेला जा, त्यांच्याकडून तपासून घ्या, मला सोबत नेऊ नका. कौसाबाईंना वाटलं, नवऱ्याला चिमटा काढावा. हातात आलेलं कोणी असं सोडतं?

रेवाबाईंनी अंगठी मुठीत घेतली. मग म्हणाल्या, काही गरज नाही, ममताला म्हणावं चल. कौसाबाई तिची पिशवी भरायला वळल्या. पण इतका वेळ दारात उभी असलेली ममता सासूला म्हणाली,

"गरज शे, आई. तपासा. मंग मी घर इसू."

मुलगी बापावर गेली. घर सावरायला आलं होतं आणि हिनं परत अडवलं. कौसाबाई काही बोलणार, तोच भूपेशनं मोबाईल खिशात टाकला. "तिचं बरोबर शे, आई," तो म्हणाला. तीन आठवडे उशिरा, कौसाबाईंच्या मनात आलं, पण म्हणाला.

रेवाबाई दाराशी गेल्या.

"मंग तू बी चाल सुरतले. बोट दे, अंगठी घाल."

भिलाभाऊंना राहवलं नाही. वाटेत खडा तिच्याच बोटात राहिला, तर मग तपासणीला अर्थ काय?

"काहीच नही," रेवाबाई त्यांच्याकडे न पाहता म्हणाल्या.

ममता अंगठीकडे नाही, सासूच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"पन सुरतले जासूत," ती म्हणाली.

"जासूत."

तिनं हात पुढे केला. अंगठी बोटाच्या सांध्यावर अडली. रेवाबाईंनी जोर लावला नाही, थांबत थांबत, थोडं थोडं फिरवत त्या ती आत सरकवत राहिल्या.