अकरा मिनिटांचा थांबा

थोरलीच्या पोटातली फिल्म आपण स्वतः बघू, डोळ्यांत तेल घालून बघू, असं धाकटीनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. जेवणाच्या टेबलाशी, आणि तेही जरा मान ताठ करून. हॉस्पिटलात नोकरी करणारी घरात ती एकटीच. बाकीचे सगळे तळमजल्यावरच्या धुलाईच्या दुकानात दिवसभर वाफ खात उभे राहणारे. त्यामुळे ताप, खोकला, पाठदुखी, काहीही झालं तरी धाकटीचा शब्द शेवटचा, आणि हा मान तिला आवडायचा हे काही कुणापासून लपलेलं नव्हतं.

थोरली म्हणजे तिची मोठी जाऊ. चार महिन्यांपूर्वी तिला जिना चढताना धाप लागायला लागली. इस्त्री करता करता ती मध्येच स्टुलावर बसायची आणि गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी उठायची नाही. तपासणीत रक्त कमी निघालं. ते कुठं जातंय हे कळेना, म्हणून डॉक्टरांनी मुंगी द्यायचं ठरवलं.

मुंगीचं कागदोपत्री नाव हातभर लांब होतं, पण हॉस्पिटलात ते कुणीच घेत नसे. गव्हाच्या दाण्याहून जराशी मोठी ती यंत्रमुंगी पाण्याच्या घोटाबरोबर गिळायची. मग बाहेरून चुंबक फिरवून तिला आतड्यातून चालवायचं आणि ती चालता चालता चित्रं काढणार. आठ-आठ तासांची फिल्म तयार होई. ती बघून अहवाल लिहिणं हे धाकटीचं काम. दुसऱ्यांच्या आतड्यांत फिरून स्वतःचं पोट भरणारी बाई, असं तिचा नवरा चारचौघांत म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

आता आठ तासांची फिल्म कुणी आठ तास बघत बसत नाही. ती पळवत बघायची असते. त्यातही धाकटीनं एक युक्ती काढली होती. मुंगी कधी वळणावर अडते, कधी चिकटते, आणि तेवढा वेळ तेच ते चित्र येत राहतं. त्या वेळी पडद्याखालची पट्टी करडी होते. करडी पट्टी आली की उडी मारायची आणि हिरवी लागली की पुन्हा बघायला लागायचं. एका फिल्ममागं अर्धा तास वाचायला लागला. वाचनखोलीत, म्हणजे फिल्म बघायच्या खोलीत, तिच्याबरोबर बसणाऱ्या दोघींनीही ती पद्धत उचलली आणि वरिष्ठांनी तिची पाठ थोपटली.

थोरलीची फिल्मही तिनं अशीच बघितली. खोटं कशाला सांगा, इतर फिल्मपेक्षा जरा घाईनंच बघितली. कारण थोरलीला काही झालेलं नाही याची तिला आधीच खात्री होती. बाईला आता काम नकोय, दुसरं काय! वीस वर्षं इस्त्री करून कंटाळली असेल, तर तसं सांगावं ना. ‘दोष आढळला नाही’ असं तिनं लिहिलं आणि अहवाल स्वतःच्या पर्समधून घरी नेला.

त्या कागदानं घरात निकाल लावून टाकला. “मनाचे खेळ आहेत,” असं थोरल्या दिरांनी एकदा म्हटलं आणि मग ते रोजच म्हणायला लागले. थोरली कुणाला उलटून बोलली नाही. पंधरा दिवसांनी तिनं स्टुलावर बसणंही सोडलं. ते बघून धाकटीला वाटलं, चला, आली ताळ्यावर.

मंगळवारी सकाळी थोरली इस्त्रीच्या टेबलाशीच कोसळली.

हॉस्पिटलात तिला रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. डॉक्टर मॅडम बोलायला बाहेर आल्या. पोटात कुठंतरी रक्त वाहतंय, त्या म्हणाल्या, पण मागच्या फिल्ममध्ये काहीच दिसलं नव्हतं. पुन्हा मुंगी सोडून आठ तास थांबायला वेळ नाही. तीन वाजता पोट उघडायचं आणि आतडं हातानं चाचपत जायचं. रक्त इतकं कमी असताना त्यात जिवाचा धोका आहे, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

दिरांनी सही केली. पेन परत देताना त्यांनी धाकटीकडं बघितलं.

“तुम्ही नीट बघितलं होतं ना सगळं?”

“हो, भाऊजी,” धाकटी म्हणाली.

हा हो तोंडातून निघाला आणि तिला करड्या पट्ट्या आठवल्या. डबा आणायच्या निमित्तानं ती तडक वाचनखोलीत गेली. खोली रिकामी होती. तिनं थोरलीची जुनी फिल्म काढली आणि या वेळी फक्त करड्या पट्ट्या बघायला घेतल्या.

एकूण एकोणीस थांबे होते. पहिल्या सहांत काही नव्हतं आणि तिला जरा धीर आला. सातवा थांबा अकरा मिनिटांचा होता. पहिली तीन मिनिटं आतड्याची तीच गुलाबी भिंत दिसत राहिली. चौथ्या मिनिटाला त्या भिंतीवर शिवणीच्या दोऱ्याएवढी लाल रेघ उमटली. रेघ हळूहळू रुंद होत खाली ओघळली. सातव्या मिनिटाला ती थांबली आणि नवव्याला पुन्हा सुरू झाली. दाण्याएवढं ते यंत्र, ना त्याला नातं ना गोतं, पण अकरा मिनिटं ते त्या जखमेसमोरून हललं नव्हतं. आणि सख्ख्या जावेनं त्यावरून उडी मारली होती.

धाकटी खुर्चीत बसून राहिली. आता तिच्या मनात जे आलं ते चांगलं नव्हतं, पण आलं. तीन वाजता पोट उघडणारच आहेत. हातानं चाचपलं की सापडेलच जागा. मग आपण सांगून वेगळं काय होणार? नोकरी जाईल, घरात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, आणि थोरलीचं पोट उघडायचं ते उघडलंच जाईल. पाच मिनिटं तिनं स्वतःशी अशी वकिली केली. पण चटका देणारी मुंगीही असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्यात दोन तासांचीच ताकद असते, त्यामुळे ती शोधत फिरू शकत नाही. नेमकी जागा माहीत असेल तर मात्र तिला थेट तिथं नेऊन फुटलेली शीर बंद करता येते, पोटाला सुरी न लावता. आणि जागा आता माहीत होती. लहान आतड्यात दोन मीटर दहा सेंटिमीटर आत, असा आकडाच पडद्याच्या कोपऱ्यात होता.

ती उठली. फिल्म घेऊन डॉक्टर मॅडमच्या खोलीत गेली.

मॅडमनी ती अकरा मिनिटं पूर्ण बघितली.

“हे अहवालात का नाही?”

“मी थांबे बघत नाही, मॅडम. पट्टी करडी झाली की पुढं जाते.”

“सगळ्याच फिल्मना?”

“सगळ्याच. आम्ही तिघीही. पद्धत माझीच आहे.”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं धाकटीला वाटलं.

“वर्षभराच्या सगळ्या फिल्म पुन्हा बघायच्या, थांब्यांसकट. इतर दोघी बघतील, तू नाही. तुझं काय करायचं ते वर बसलेले ठरवतील.” मग त्यांनी फोन उचलला. “तीनचं ऑपरेशन थांबवा. चटक्याची मुंगी काढा.” फोन ठेवून त्या धाकटीकडं वळल्या. “आणि तू माझ्याबरोबर आत चल. ती जागा तू बघितली आहेस.”

एवढ्या वर्षांत धाकटीनं मुंगी चालताना कधी बघितलीच नव्हती. तिला नेहमी चालून झालेली मुंगी मिळायची. डाव्या पडद्यावर जुनी फिल्म, उजव्यावर आत्ताची, आणि मध्ये झोपवलेली थोरली, ओठ पांढरेफटक. चुंबकाचा हात तिच्या पोटावरून सावकाश सरकत होता. धाकटी दोन्ही पडद्यांवरची वळणं जुळवून सांगत होती. एक तास चाळीस मिनिटांनी लाल रेघ आली. मुंगीनं चटका दिला, जागा पांढरी पडली, आणि पुढं दहा मिनिटं थांबूनही रक्त आलं नाही. मॅडमनी पाठ सरळ केली. धाकटीला रडू आलं, पण आपल्याला रडायचा हक्क नाही असं वाटून तिनं ते गिळलं.

संध्याकाळी थोरली शुद्धीवर होती. दीर तिचे कपडे आणायला घरी गेले होते. धाकटी कॉटशेजारी बसली आणि तिनं करड्या पट्टीपासून सगळं सांगून टाकलं. काही कमी केलं नाही.

थोरली छताकडं बघत ऐकत होती. मग तिनं विचारलं, “म्हणजे होतं काहीतरी?”

“होतं, ताई.”

“तेव्हाही होतं? मी स्टुलावर बसत होते तेव्हा?”

“तेव्हाही होतं.”

थोरलीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ती रागानं रडत असेल असं धाकटीला वाटलं. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, सुटका होती, आणि ती बघणं धाकटीला फार जड गेलं.

“मला वाटायला लागलं होतं, मी आळशीच आहे,” थोरली म्हणाली. “एवढ्या मोठ्या यंत्राला काही दिसलं नाही, म्हणजे माझ्यातच खोट असणार. रोज सकाळी उठायचे आणि स्वतःला शिव्या देत जिना उतरायचे.” तिनं डोळे पुसले. “तुलाही तसंच वाटायचं ना?”

इथं नाही म्हणता आलं असतं. चूक कबूल केलीच होती, एवढं झाकून ठेवलं असतं तरी चाललं असतं.

“हो, ताई. तुम्ही नाटक करताय असंच वाटायचं. म्हणून तर मी घाई केली.”

थोरलीनं मान फिरवली आणि ती खिडकीकडं बघत राहिली. धाकटीनं तिच्या हातावर ठेवलेला हात तिनं झटकला नाही, पण धरलाही नाही.

बाहेर बोळात दिरांच्या चपला वाजल्या.

“हे आले,” थोरली म्हणाली. “यांना मी काही सांगणार नाही. तू सांग.”

दीर कपड्यांची पिशवी घेऊन दारात आले. बायको जागी झालेली बघून त्यांचा चेहरा उजळला. धाकटी उभी राहिली.

“भाऊजी, ताईंच्या पोटात तेव्हाही रक्त वाहत होतं. फिल्ममध्ये ते दिसत होतं. मी बघितलंच नाही. त्यांचं खरं होतं, सुरुवातीपासून.”

ते चिडतील, हात उगारतील, काहीतरी करतील म्हणून ती मान खाली घालून थांबली. पण ते तिच्याकडं बघतच नव्हते. ते थोरलीकडं बघत होते, आणि थोरली त्यांच्याकडं. दारापासून कॉटपर्यंत चार पावलं होती, पण ती टाकायचा त्यांना धीर होईना. पिशवी हातात धरून ते तिथंच उभे राहिले.

थोरलीनं त्यांना बसा म्हटलं नाही.