अलीकडचा स्पष्ट फोटो

माणसाच्या चेहऱ्यात ठेवण्यालायक काय आणि पुसण्यालायक काय, याविषयी स्टुडिओचे मत पक्के होते. डोळे, पापण्या, ओठांची कड आणि केस धारदार करावेत. कातडी मऊ करावी. आणि हे सारे अशा बेताने करावे की आपण मुळातच असे आहोत अशी गिऱ्हाइकाची खात्री पटावी. या कामात तिथल्या एका कारागिराचा हात धरणारा कुणी नव्हता. सहकारी त्याला ‘पॉलिश’ म्हणत. सौंदर्य म्हणजे काय यावर शहाण्यांनी शतकानुशतके ग्रंथ लिहिले. त्यांचा निष्कर्ष शेवटी पडद्यावरच्या एका सरकपट्टीत मावला, आणि ती कुठवर ढकलायची हे पॉलिशला तोंडपाठ होते.

स्टुडिओचा आणखी एक दंडक होता. काम संपले की मूळ फोटो ठेवायचा नाही. नवा त्याच्यावरच साठवायचा. “मूळ ठेवलं की गिऱ्हाईक दोन्ही शेजारी ठेवून बघतं,” मालक म्हणत, “आणि बघितलं की रडतं.” ही शिस्त पॉलिशने घरीही आणली होती. घरात फोटो काढायचा तो त्यानेच, आणि त्याच्या हातून जाणारा प्रत्येक चेहरा सुधारूनच पुढे जाई.

त्या दिवशी सकाळी वडील चपला घालून बाहेर पडले आणि दुपार कलली तरी परतले नाहीत. हृदयाची संध्याकाळची गोळी चुकवायची नाही, असे डॉक्टरांनी बजावलेले होते. आई गोळ्यांचे पाकीट मुठीत धरून दारात बसली होती.

“अलीकडचा, स्पष्ट फोटो द्या,” चौकीवरचा पोलीस म्हणाला. पॉलिशने मोबाइल पुढे केला. पोलिसाने एकदा फोटोकडे पाहिले, एकदा त्याच्याकडे.

“हे वडील, का थोरले भाऊ?”

“वडील.”

“खातात काय हो?” पोलीस म्हणाला. मग त्याचा स्वर जरा बदलला. “दुसरा नाही का एखादा? याच्यावरून मी कोणाला शोधू?”

दुसरा नव्हता. म्हणजे पुष्कळ होते, आणि सगळे असेच होते. फोटोतल्या गृहस्थाच्या कपाळावर आठी नव्हती, गालावर डाग नव्हता, हनुवटीवरचा जुना व्रण तर केव्हाच नाहीसा झाला होता.

घरी येऊन तो संगणकापुढे बसला आणि जे जे पुसले होते ते उलट्या क्रमाने परत आणू लागला. नाकपुडीपासून ओठापर्यंतच्या घळी. डोळ्यांखालच्या पिशव्या. मानेची लोंबती कातडी. व्रणापाशी येऊन हात थबकला. तो डावीकडे होता की उजवीकडे? प्रत्येक फोटोतून त्याने तो स्वतः काढून टाकला होता, इतक्या सफाईने की आता डोळे मिटले तरी दिसत नव्हता.

“आई, बाबांच्या हनुवटीवरचा वण कुठल्या बाजूला?”

“उजव्या,” आई मान न वळवता म्हणाली. “दाढी करताना ब्लेड तिथेच अडकायचं. तुला माहीत नाही?”

त्याने व्रण उजवीकडे बसवला. तयार झालेला फोटो चौकीवर पाठवला, शहरातल्या दवाखान्यांना पाठवला, आणि एकेकाला फोन लावत सुटला. मोठ्या इस्पितळातल्या नर्सने फोन कानाशी ठेवूनच फोटो उघडला. “थांबा हं, बघते. नाही हो. असे कुणी नाहीत आमच्याकडे.” खिडकीबाहेरचे ऊन समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर चढले होते.

तेवढ्यात ताई आली. तिने पर्सही खाली ठेवली नाही. तशीच त्याच्या खुर्चीमागे उभी राहून पडद्याकडे पाहत राहिली.

“सुरकुत्या बरोबर आहेत,” ती म्हणाली. “पण हा माणूस माझ्याकडे बघतोय.”

“मग?”

“बाबा कोणाकडे बघत होते रे इतक्यात?”

“झालं तुझं सुरू.”

“दोनदा सांगितलं मी फोनवर, बाबा हरवल्यासारखे बसतात, दाखवा कोणाला तरी. तू काय केलंस? हाच फोटो पाठवलास. वर लिहिलंस, बघ, डोळ्यांत केवढं तेज आहे.”

तेज होते, यात शंका नव्हती. बुबुळाची कड थोडी गडद, पापण्या थोड्या टोकदार, आणि बाहुलीत पांढऱ्या प्रकाशाचा एक ठिपका: हात सवयीने फिरला होता, विचार करावा लागला नव्हता. पुढे घरात शंका निघाली की हाच फोटो साक्षीला उभा राही. एखाद्या डॉक्टरने तासभर तपासून जे सांगितले असते, ते एका ब्रशने परस्पर फेटाळून लावले होते, आणि सगळे कुटुंब त्या निकालावर खूश होते.

पॉलिशने डोळे मोठे करून पडद्यावर घेतले. धंद्यात जे करायचे नसते, ज्याबद्दल शिकाऊ पोराला शिव्या बसतात, ते तो करू लागला. प्रकाशाचा ठिपका काढला. बुबुळाची कड विरघळवली. पापण्या पुसट केल्या. हात दर वेळी आपसूक उलट दिशेला ओढ घेत होता. पडद्यावरचा माणूस आधी थकला, मग दूर गेला, मग पाहायचा थांबला.

आई उठून आत आली होती. “हेच,” ती म्हणाली. “सकाळी असेच निघाले. मला वाटलं, भाजी आळणी झाली म्हणून रागावले.”

फोटो पुन्हा सगळीकडे गेला. सगळ्यात आधी फोन आला तो मोठ्या इस्पितळातून.

“अहो, हे आजोबा आहेत आमच्याकडे,” तीच नर्स म्हणाली. “बागेतून कोणीतरी आणून सोडलंय, नाव सांगत नाहीत. मघाशी कोणाचा फोटो पाठवला होतात? भावाचा?”

“हो,” पॉलिश म्हणाला.

वडील खाटेच्या कडेला पाय सोडून बसले होते. चपला पायांत नव्हत्या. आईने आधी गोळी त्यांच्या तोंडात घातली, पाणी पाजले, आणि मग भिंतीला टेकून श्वास घेतला.

“आजोबा,” नर्सने विचारले, “हे कोण आलेत, ओळखलंत का?”

वडिलांनी पॉलिशकडे पाहिले. म्हणजे तोंड त्याच्या दिशेला केले.

“फोटोवाले.”

“सोडताना एक फोटो लागतो हो आमच्याकडे,” नर्स घाईने म्हणाली. “तुमच्याच मोबाइलवर काढा आणि मला पाठवा.”

त्याने मोबाइल वर उचलला. तो दिसताच वडिलांनी चाचपडत सदऱ्याचे वरचे बटण लावले, पाठ ताठ केली, हनुवटी उचलली. व्रण उजवीकडेच होता.

“या वेळी नीट काढा,” ते परक्या माणसाशी बोलावे तशा अदबीने म्हणाले. “मागे दिलात तो दुसऱ्याच कुणाचा होता.”

त्याचा अंगठा बटणावर होता. पडद्यात वडिलांचे डोळे होते, तसेच, आणि तो तिथे काहीतरी सापडण्याची वाट पाहत राहिला.

“काढ ना रे पटकन,” ताई हळूच म्हणाली. “श्वास रोखून धरलाय त्यांनी.”